हाय रिस्क पेशंट, भूल आणि ऑपरेशन: बायका आणि त्यांच्या घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात काम करते, आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तेच तेच प्रश्न रोज येतात. बहुतेक वेळा ऑपरेशनला अर्धा तास उरलेला असतो तेव्हा येतात, मग सांगणाऱ्यालाही घाई आणि ऐकणाऱ्याचंही चित्त ठिकाणावर नसतं. म्हणून सावकाश वाचता येईल असं लिहून ठेवतेय. भर सिझेरियनवर जास्त आहे, कारण तिथे जीव दोन असतात आणि वेळ कमी, पण गर्भपिशवीच्या ऑपरेशनचंही थोडं आहे. हे वाचून आपल्या आपण गोळ्या बंद-चालू करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

फाइलवर हाय रिस्क लिहिलंय, म्हणजे बाई वाचणार नाही असं का?

नाही हो. हाय रिस्क म्हणजे आम्ही तयारी वाढवायची, एवढंच. भुलीच्या आधी आम्ही प्रत्येक पेशंटला एक ग्रेड देतो, एएसए ग्रेड म्हणतात त्याला. ठणठणीत माणूस एक, साधी प्रेग्नन्सी असली तरी ती दोन, बीपी खूप वाढलेली प्रेग्नन्सी तीन, आणि पुढे. म्हणजे बाई कितीही तब्येतीने चांगली असली तरी पोटात बाळ असलं की आमच्या लेखी ती पहिल्या ग्रेडमध्ये नसतेच.

आणि भीती वाटत असेल तर हेही बघा: महाराष्ट्रात २०१८-२० च्या सरकारी आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. म्हणजे आपल्याकडे परिस्थिती बरी आहे. पण त्या ३३ मध्ये रक्तस्राव आणि वाढलेलं बीपी हीच जुनी कारणं पुन्हा पुन्हा सापडतात, आणि ती दोन्ही आधी कळू शकणारी किंवा वेळेत आवरता येणारी आहेत. माझं म्हणणं एकच आहे, धोका बऱ्याचदा सुईत नसतो, तो न सांगितलेल्या गोष्टीत आणि उशिरा हलवलेल्या पेशंटमध्ये असतो.

भूलतज्ज्ञाला आधी भेटता येतं का? ते तर डायरेक्ट ऑपरेशनच्या टेबलवरच दिसतात.

येतं, आणि हाय रिस्क असेल तर भेटलंच पाहिजे. सिझरची तारीख ठरलेली असेल तर आठवडाभर आधी हॉस्पिटलला सांगा की भुलीची तपासणी करून हवीय. लहान गावात भूलतज्ज्ञ चार हॉस्पिटलं फिरत असतात त्यामुळे वेळ जुळवावी लागते, पण विचारलं तर जुळते.

त्या भेटीत आम्ही तोंड उघडायला सांगतो, मान मागे करायला सांगतो, पाठीचा कणा बघतो, छातीला स्टेथो लावतो. बायकांना वाटतं दात कशाला बघतायत. अचानक पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर नळी तोंडातूनच जाणार आहे म्हणून. हलणारा दात, कवळी, कमी उघडणारं तोंड, हे सगळं आधी माहीत असलेलं बरं.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. तंबाखू खाता का विचारलं तर बाई मान हलवते, नाही. मग विचारायचं, मशेरी लावता का? हो, ती लावते की, दोन वेळा. सासू शेजारी उभी असेल तर तेही सांगत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, नाडी आणि बीपी दोन्हीवर परिणाम होतो. सुपारी, गुटखा वर्षानुवर्षं खाल्ला असेल तर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि मग नळी टाकणं म्हणजे परीक्षाच. त्यामुळे मी आता पेशंटशी एकटीनेच बोलते, बाकीच्यांना बाहेर बसवते. कोणी रागावलं तर रागावू दे.

सोबत काय आणायचं: जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं नको, पाकिटंच आणा), हृदयाची सोनोग्राफी झाली असेल तर तो रिपोर्ट. घरात कोणाला भुलीत काही भयंकर झालं होतं का, ताप एकदम चढला, श्वास परत यायला वेळ लागला असं काही, तेही आठवून या. काढे, चूर्ण, वजन कमी करायच्या पावडरी, हे पण औषधच धरा.

सिझेरियनला कमरेतच इंजेक्शन का देतात? तिला भीती वाटते, पूर्ण झोपवा ना.

ही विनंती नवऱ्याकडून जास्त येते, प्रेमापोटी येते, पण बहुतेक वेळा आम्ही नाहीच म्हणतो. दिवस भरलेल्या बाईचं पोट हळू रिकामं होतं, गर्भपिशवीने जठर वर ढकललेलं असतं, झोपवलं की आतलं आंबट पाणी वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हे मेंडेल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४६ मध्येच लिहून ठेवलंय आणि अजून आम्ही त्यालाच घाबरतो. शिवाय गरोदरपणात घशाला आतून सूज असते, बाईचा ऑक्सिजनचा साठा कमी असतो आणि वापर जास्त, त्यामुळे नळी टाकायला जरा उशीर झाला तरी ऑक्सिजन भराभर खाली येतो. गरोदर बाईच्या पूर्ण भुलीत नळी न जाण्याचं प्रमाण साधारण ३९० मध्ये एक असं धरतात, इतर ऑपरेशनांपेक्षा ते बरंच जास्त आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली एक मोठी पाहणी आली होती, भुलीत असताना जाग येण्याबद्दल, त्यात सगळ्या पूर्ण भुलींमध्ये १९ हजारात एक तक्रार आणि सिझरच्या पूर्ण भुलीत ६७० मध्ये एक.

कमरेत दिलं तर बाई जागी राहते, स्वतः श्वास घेते, बाळ रडलेलं ऐकते, बाळापर्यंत औषध जवळजवळ पोचतच नाही. म्हणून पहिली पसंती तीच.

पण नेहमी नाही. रक्त खूप वाहतंय, बीपी लागत नाहीये, प्लेटलेट फार कमी आहेत, रक्त पातळ करायचं इंजेक्शन नुकतंच दिलंय, झटके चालू आहेत किंवा बाळाचे ठोके इतके घसरलेत की मिनिटं मोजायची वेळ आलीय, अशा वेळी पूर्ण भूलच द्यावी लागते. तेव्हा कृपया "आमचं कमरेतलं ठरलं होतं" असा वाद दारात घालू नका.

कमरेतल्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर दुखते म्हणतात?

नाही दुखत. सुई टोचली तिथे तीन-चार दिवस ठणकतं, बस. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती नऊ महिन्यांच्या ओझ्याने, सैल झालेल्या सांध्यांनी आणि वाकून वाकून दूध पाजण्याने, नॉर्मल डिलिव्हरीवालीची पण दुखते. हा प्रश्न मला दिवसातून सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि रक्ताची पिशवी तयार आहे का हे जवळपास कोणीच विचारत नाही, खरं तर उलट व्हायला हवं.

आणि डोकं दुखतं ते?

ते मात्र खरं आहे, काही जणींना होतं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं आणि उठून बसलं की डोकं, मान ठणकते, आडवं झालं की थांबते. बसल्यावर वाढणारं आणि झोपल्यावर कमी होणारं, ही ओळख. आता सुया खूप बारीक आणि पेन्सिलच्या टोकासारख्या असतात त्यामुळे प्रमाण कमी झालंय. पाणी, गोळ्या, थोडी कॉफी याने बहुतेकींचं जातं, नाही गेलं तर तिच्याच हातातलं थोडं रक्त काढून पाठीत देतात, ब्लड पॅच म्हणतात, बऱ्याचदा त्याच दिवशी फरक पडतो.

पण बीपीवाल्या बाळंतिणीचं डोकं दुखलं तर "सुईचं असेल" म्हणून घरी बसू नका. ते बीपीचं असू शकतं. आधी बीपी मोजा, मग कारण शोधा.

इंजेक्शन दिल्यावर तिला मळमळलं, घाम आला, "मला कसंतरी होतंय" म्हणाली. चुकलं का काही?

चुकलं नाही. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी खाली येतं, आणि त्यात पाठीवर सरळ झोपलं की गर्भपिशवी मोठ्या शिरेवर दाबून बसते. म्हणून आम्ही उजव्या कुल्ल्याखाली उशी घालतो किंवा टेबल डावीकडे कलवतो, सलाईन सोडतो, बीपी वाढवायचं औषध सिरिंजमध्ये भरून हातात ठेवलेलंच असतं. मिनिटभरात बरं वाटतं. थरथर सुटते तीही भुलीचीच असते, ब्लँकेट आणि एखादं इंजेक्शन दिलं की थांबते.

उपाशी किती तास? चहा चालतो ना?

दुधाचा चहा म्हणजे जेवण धरा. सहा तास. बिस्किट, पोहे, भाकरी, दूध, सगळ्याला सहा तास, तळलेलं किंवा मटण-बिटण खाल्लं असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, उलट हाय रिस्क बाईला रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत कोरडं ठेवणं चुकीचं आहे, शुगरवालीला तर चक्कर येते.

कळा चालू असतील तर पोट रिकामं झालंय असं आम्ही धरतच नाही. आणि खाल्लं असेल तर खरं सांगा. आजी हळूच लेकीला चहा-टोस्ट देतात, "अंगात ताकद राहू दे" म्हणून, आणि आम्हाला सांगतात काही नाही खाल्लं. आम्ही रागावणार नाही, आम्ही फक्त पद्धत बदलू किंवा थांबता येत असेल तर थांबू.

बीपी १६०/११० आहे, बाळ सातव्या-आठव्या महिन्याचं आहे, लगेच सिझर का नाही करत? थांबलेत कशाला?

कारण इतक्या बीपीवर सरळ टेबलवर घेतलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. पाच महिन्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि सोबत लघवीत प्रोटीन किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेटमध्ये बिघाड असला की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि १६०/११० म्हणजे तातडी. आधी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा हायड्रालाझिनने बीपी खाली आणायचं, तेही धाडकन नाही, कारण एकदम पडलं तर बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. पेशंट स्थिर झाली की मग सिझर. बाळ बाहेर आल्याशिवाय हा आजार जात नाही हे खरं, पण त्या एक-दोन तासांत आईला स्थिर करणं हेच उपचार आहेत, आम्ही बसून राहिलेलो नसतो.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जुनी पद्धत आहे, ४ ग्रॅम शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मग दर चार तासांनी ५. अंग गरम झाल्यासारखं वाटतं, कुल्ला चांगलाच दुखतो, बायका ओरडतात, पण २००२ मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला, त्यामुळे दुखलं तरी घ्यायचं. प्रत्येक डोसआधी सिस्टर येऊन गुडघ्यावर हातोडी मारते, श्वास मोजते, लघवीची पिशवी बघते. गुडघा उडला नाही तर पुढचा डोस थांबवायचा, औषध जास्त झालंय त्याची ती पहिली खूण. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलं असतं.

भुलीचं म्हणाल तर प्लेटलेट ठीक असतील तर बीपीवालीलाही कमरेतलंच बरं. पूर्ण भूल देताना नळी टाकायच्या क्षणी बीपी उसळी मारतं आणि या पेशंटला तेच नको असतं. अंगावर सूज असते, घशातही सूज असते, नेहमीच्या मापाची नळी जात नाही कधी कधी. अंगठी, जोडवी घरीच काढून या, सुजेमुळे नंतर निघत नाहीत, मग कापावी लागतात आणि त्यावरूनही रुसवे होतात.

आणि एक. डिलिव्हरी झाली म्हणजे सुटलो असं नाही. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा वर जातं, झटके त्यानंतरही येऊ शकतात. बाळाला बघायला सगळं गाव येतं आणि बाळंतिणीचं बीपी कोणी मोजत नाही.

प्लेटलेट ९० हजार आहेत, ॲस्पिरिन चालू आहे. चालेल?

साधारण ७० हजारांच्या वर आकडा असेल, घसरत नसेल आणि रक्त गोठायचे बाकी रिपोर्ट ठीक असतील तर कमरेतलं देता येतं. बीपी टाळायला दिलेली छोटी ॲस्पिरिन चालते. एनॉक्सापॅरिनसारखं रक्त पातळ करायचं, पोटात घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर छोट्या डोसनंतर १२ तास आणि मोठ्या डोसनंतर २४ तास थांबावं लागतं, म्हणून शेवटचं कधी घेतलं ती वेळ कागदावर लिहून आणा. कळा सुरू झाल्या तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी फोन करा.

हिमोग्लोबिन ७.५ आहे. रक्त चढवून लगेच ऑपरेशन करता येईल ना?

करता येतं, पण हा प्रश्न नवव्या महिन्यात यायलाच नको होता. २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्त कमी निघालं, म्हणजे निम्म्याहून जास्त. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. सातव्या महिन्यापर्यंत कळलं तर गोळ्या, आणि गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देऊन बऱ्यापैकी वर आणता येतं, त्याला दोन-चार आठवडे लागतात.

शेवटच्या क्षणी बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर दुसरा त्रास. रक्त खूप दिवसांपासून कमी असेल तर हृदय आधीच थकलेलं असतं, त्यात भराभर रक्त ओतलं की फुप्फुसात पाणी होतं, बाई धापा टाकायला लागते. म्हणून हळू, एकेक पिशवी. आणि ७.५ वाल्या बाईला रक्तस्राव सोसत नाही, जेवढ्या रक्तावर ११ वाली बोलत असते तेवढ्यावर ही थंड पडते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमबरोबर पण नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. संडास काळी होते, घाबरू नका.

रक्तस्राव झाला तर तुम्ही करता काय? आणि गर्भपिशवी काढायची वेळ का येते?

हे नीट सांगते, कारण यातच सगळं असतं. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला साधारण ७०० मिली रक्त जातं. वार सुटल्यावर पिशवी मुठीसारखी आवळली की त्या सगळ्या वाहिन्या चिमटल्या जातात. ती आवळली नाही, सैल राहिली, की नळ उघडा. जुळं असेल, बाळ मोठं असेल, कळा खूप तास चालल्या असतील, पाणी जास्त असेल, तर पिशवी दमलेली असते.

सिझरमध्ये १००० मिलीच्या वर गेलं की आम्ही त्याला जास्त म्हणतो. अंदाज नेहमी कमीच येतो, त्यामुळे भिजलेले मॉप वजन करून मोजतात, एक ग्रॅम वाढलं की एक मिली. नॉर्मल डिलिव्हरीत तर चादरीत, गादीत, बादलीत गेलेलं कोण मोजतं.

मग क्रमाने: पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन, पिशवी हाताने चोळणं, मग बाकीची इंजेक्शनं. इथे पेशंटचा इतिहास कामाला येतो. बीपीवालीला मिथाइल एर्गोमेट्रिन चालत नाही, दमा असलेलीला कार्बोप्रोस्ट चालत नाही. लहानपणी पंप घ्यायची ही गोष्ट कोणी सांगितलीच नसेल तर आम्हाला स्वप्नात दिसणार आहे का? ट्रॅनेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम, जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात हे २०१७ च्या अभ्यासात दिसलं, २० हजार बायका होत्या त्यात. त्यानंतर पिशवीत फुगा, आपल्याकडे कॅथेटरला कंडोम बांधून सलाईनने फुगवायची पद्धत सर्रास वापरतात, ती बांगलादेशच्या डॉक्टर सायबा अख्तर यांनी आणली, स्वस्त आणि कामाची. मग पिशवीला बाहेरून आवळणारे टाके, मग वाहिन्या बांधणं.

एवढं करूनही थांबलं नाही तर पिशवी काढायची. तो निर्णय लवकर घेतला तर बाई वाचते, उशिरा घेतला तर रक्त गोठायची ताकदच संपते आणि टाक्याटाक्यातून रक्त येत राहतं. दुसरं मूल हवंय हे आम्हालाही कळतं. पण त्या वेळी सर्जन बाहेर येऊन सांगतायत म्हणजे आधीचं सगळं करून झालंय असं समजा.

आधीची दोन सिझर आहेत आणि सोनोग्राफीत वार खाली आहे म्हणाले. इथेच करता येईल?

माझ्या मते तालुक्याला नाही, आणि मी स्वतः अशी केस ठरवून घेत नाही. वार खाली आणि जुन्या टाक्यांवर असेल तर ती पिशवीच्या भिंतीत रुतलेली असू शकते, कधी लघवीच्या पिशवीपर्यंत. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये आला होता, ३० हजार सिझरचा. वार खाली असताना पहिलंच सिझर असेल तर रुतण्याचं प्रमाण ३ टक्के, दुसरं असेल तर ११, तिसरं असेल तर ४०, चौथं असेल तर ६१. हे आकडे मी घरच्यांना कागदावर लिहून देते, नुसतं बोलून पटत नाही.

अशा ऑपरेशनला वार सोडवायला जायचंच नसतं, बऱ्याचदा बाळ काढून वार आत तशीच ठेवून पूर्ण पिशवी काढतात. दोन जाड सलाईनच्या सुया, धमनीत बीपीची तार, रक्त गरम करायचं यंत्र, रक्ताच्या पुरेशा पिशव्या क्रॉसमॅच करून (म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून), लघवीच्या पिशवीचे सर्जन, आयसीयूत बेड, आणि हे सगळं दिवसाउजेडी, ठरवून, साधारण ३४ ते ३६ आठवड्यांत. रात्री दोनला अंगावरून जायला लागल्यावर १०८ ने ६० किलोमीटर जाणं आणि आठव्या महिन्यात शांतपणे मेडिकल कॉलेजला नाव घालणं, यात खूप फरक आहे. आठव्या महिन्यापासून तिथे जवळ एखाद्या नातेवाइकाकडे राहता आलं तर राहा.

लहानपणी सांधे सुजायचे, व्हॉल्व्हचा आजार आहे. बाळंतपण झेपेल?

कोणता व्हॉल्व्ह, किती आकसलाय, यावर आहे. आपल्याकडे मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेल्या बायका अजूनही दिसतात, काहींना तर गरोदरपणातच पहिल्यांदा कळतं, कारण रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्के वाढतं आणि अरुंद दारातून ते जात नाही. जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा लागतात, आणि घरचे म्हणतात पोटुशीला लागतोच दम. लागतो, पण झोपेतून उठून बसावं लागत असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा.

सगळ्यात धोक्याची वेळ कळांची नसते, बाळ झाल्यानंतरची असते. पिशवी आवळली की तिच्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि फुप्फुसं भरतात. म्हणून भूल हळूहळू चढवतात, एपिड्युरलने, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून, थोडं थोडं, ऑक्सिटोसिन एकदम ढकलत नाहीत, सलाईन मोजून. आणि पहिले दोन-तीन दिवस आयसीयूत. व्हॉल्व्ह बदललेला असेल आणि वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटा, दिवस गेल्यावर नव्हे.

वजन ९५ किलो आहे, शुगर आहे, थायरॉइड पण आहे. सगळंच आहे.

असतं बऱ्याच जणींना. वजन जास्त असलं की शीर सापडत नाही, मणका सापडत नाही, झोपवलं की श्वास कोंडतो. रात्री जोरात घोरता का, श्वास थांबल्यासारखा होतो का, हे नवऱ्याला विचारून या, तुम्हाला स्वतःला कळत नाही. तसं असेल तर ऑपरेशननंतर झोपेचं, गुंगीचं औषध जपून द्यावं लागतं.

थायरॉइडची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. बीपीच्या बऱ्याच गोळ्या पण घ्यायच्या, काही नाही, विचारून घ्या. शुगरच्या गोळ्या उपाशी असताना नाही. आणि गरोदर नसलेल्या, म्हणजे गर्भपिशवी किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या बायकांसाठी: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं पाकिटावर असतील तर त्या तीन दिवस आधी थांबवायच्या असतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसते आणि आत रक्तात ॲसिड साचत जातं. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो त्याने.

आईचं वय ६५, गर्भपिशवी काढायला सांगितलीय. या वयात भूल झेपेल का?

वयापेक्षा ती दोन जिने चढू शकते का हे मी आधी विचारते. रोज शेतात जाणारी ७० ची आजी मला ५० च्या बसून असलेल्या बाईपेक्षा बरी वाटते. अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन खालून करायचं असेल तर कमरेतली भूल पुरते. नंतर दोन गोष्टींकडे लक्ष. एक, पायाच्या शिरेत गाठ होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी चालवायचंच, "म्हातारी आहे, झोपू द्या" म्हणून लाड करू नका. दुसरं, रात्री ती गोंधळते, भलतंच बोलते, सलाईन ओढते. वेड नाही लागलेलं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी परत द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा, दोन-तीन दिवसांत बहुतेक सावरतं.

आणि चाळिशीच्या आतल्या बाईला "पांढरं जातं, पुढे कॅन्सर होईल" एवढ्यावर पिशवी काढायला सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. सगळ्यात सुरक्षित भूल म्हणजे जी द्यावीच लागली नाही ती.

मागच्या वेळी भुलीनंतर दिवसभर उलट्या झाल्या होत्या.

बाई असणं हाच त्यातला एक धोका आहे, गंमत नाही. बाई, तंबाखू-सिगारेट न ओढणारी, आधी उलट्या झालेली किंवा एसटीत गाडी लागणारी, आणि नंतर अफूच्या जातीचं वेदनाशामक घेणारी, हे चारही असेल तर दहातल्या आठ जणींना त्रास होतो. आधी सांगितलं तर दोन-तीन वेगळी औषधं आधीच देता येतात. ऑपरेशनच्या शेवटी सुगामाडेक्स नावाचं, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा उतारा असलेलं औषध दिलं असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा पुढचे सात दिवस नाही. हे डिस्चार्जच्या वेळी सांगायचं राहून जातं म्हणून इथे लिहिलं.

सही कोणाची लागते? नवरा पुण्याला कामाला आहे.

सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईची स्वतःची. नवऱ्याची, सासऱ्याची नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये स्पष्ट सांगितलं: पेशंटने फक्त दुर्बिणीने तपासायची संमती दिली होती, ती भुलीत असताना आईची सही घेऊन गर्भपिशवी आणि अंडाशय काढले, ते चालणार नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. तरी हॉस्पिटलं नातेवाइकांची सही घेतात, नंतर भांडण नको म्हणून. घ्या, पण तिच्याशी आधी बोला, आणि सिझरच्या फॉर्मवर "गरज पडल्यास गर्भपिशवी काढावी लागेल" ही ओळ असेल तर तिने ती वाचलेली असू दे.

बाळाला दूध कधी?

ती नीट शुद्धीवर आली, बाळ धरता आलं की लगेच. भुलीचं औषध उतरेपर्यंत दूध पिळून फेकायची गरज नाही. ट्रामाडॉल हे वेदनाशामक बरेच दिवस चालू राहिलं आणि बाळ फार झोपाळू वाटलं तर डॉक्टरांना कळवा.

हॉस्पिटल ठरवताना काय विचारायचं?

एसी रूम आहे का हे शेवटी विचारा. आधी हे: रात्री भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात, रक्त कुठून येतं आणि यायला किती वेळ लागतो, आयसीयू आहे का, नसेल तर कुठे हलवता. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त आणि नेणं-आणणं हे २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, हाय रिस्क तिथेच ओळखतात. तुमच्या रक्तगटाचे दोन नातेवाईक शोधून ठेवा, निगेटिव्ह गट असेल तर सातव्या महिन्यापासूनच.

घरी सोडल्यावर कधी परत पळत यायचं?

तासात एकापेक्षा जास्त पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील. डोकं फुटतंय, डोळ्यापुढे चमकतंय, वरच्या पोटात दुखतंय. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते. दम लागतो, आडवं झोपवत नाही. बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत हृदय कमजोर होऊ शकतं, त्याला थकवा म्हणून सोडू नका. ताप आणि घाण वासाचा स्राव. टाक्यातून पू. पाय पुन्हा बधिर होणं, लघवी न होणं, पाठीत वाढत जाणारं दुखणं आणि ताप, हे कमरेतल्या भुलीनंतर फार क्वचित होतं पण झालं तर त्याच दिवशी या, सोमवारची ओपीडी बघू नका.

डिस्चार्ज कार्डावर भूल कोणती दिली, नळी टाकताना त्रास झाला का, किती रक्त चढवलं, पिशवीवर चीर कशी घेतली, हे लिहून घ्या. सिस्टर कंटाळतील, तरी घ्या, आणि त्याचा फोटो बाईच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा, नवऱ्याच्या नाही.